नव्वदचा भरीव ठिपका

गल्लीतले सगळे त्यांना बाई म्हणत. शाळेतल्या मुलींनी म्हणणं ठीक, पण दूधवाला म्हणे, इस्त्रीवाला म्हणे, आणि लग्नाला चौदा वर्षं होऊन गेली तरी नवराही बाईच म्हणे. "बाई, आज चहातल्या साखरेला सुट्टी दिलीत का?" असं त्यांनी विचारलं की बाई डबा उघडून चमचाभर साखर त्यांच्या कपात टाकत आणि आपल्या वह्या तपासत बसत. नवऱ्याचं घराखालीच चष्म्यांचं दुकान होतं. त्यामुळे त्यांनाही नाव उरलं नव्हतं, ते सगळ्यांचे चष्मेवाले.

बाई मुलींच्या शाळेत आठवी-नववीला गणित शिकवायच्या. असमतेच्या, म्हणजे 'पेक्षा लहान, पेक्षा मोठं'च्या धड्यावर त्यांचा विशेष जीव. समीकरणाचं उत्तर एक येतं आणि काम संपतं. असमतेचं उत्तर म्हणजे संख्यारेषेचा अख्खा तुकडा, त्यातली कुठलीही संख्या घ्या, बरोबरच. मुलींना हे आधी पटत नसे. त्यांना एकच उत्तर हवं असे, खाली दोन रेघा मारायला. ऋण संख्येने भागल्यावर चिन्हाचं तोंड फिरवायचं विसरलेल्या मुलीला बाई एकदा माफ करत, दुसऱ्यांदाही करत. ठिपका चुकलेला मात्र त्यांना खपत नसे. 'पेक्षा लहान' असं असेल तर टोकाला पोकळ गोल काढायचा, म्हणजे ते टोक आपलं नाही. 'पेक्षा लहान किंवा बरोबर' असेल तर ठिपका भरून काढायचा, म्हणजे टोकही आपलंच.

"टोकाचा बिंदू आतल्या बिंदूइतकाच खरा असतो," बाई खडू फळ्यावर गोल गोल फिरवत म्हणत. "त्याला सावत्र वागवायचं नाही."

मूल झालं नाही. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, मोठ्या डॉक्टरांनी ज्यांच्याकडे पाठवलं तेही झाले, आणि शेवटी सगळ्यांनी हात टेकले. बाईंनी वर्षभर त्या विषयावर बोलणंच बंद केलं. मग एके दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान दुपारीच बंद केलं, वर आले आणि म्हणाले, "बाई, चपला घाला. दत्तकाची चौकशी करून येऊ. विचारायला काय जातं?"

संस्थेतल्या मॅडम बारमाही सर्दीच्या. हातातल्या रुमालासकट त्यांनी नियम सांगितले. मूल चार वर्षांच्या आतलं असेल, तर दोघांच्या पूर्ण वयांची बेरीज नव्वदपेक्षा जास्त नसावी. मूल चार वर्षांचं किंवा त्याहून मोठं असेल, तर शंभरपेक्षा जास्त नसावी. आणि ही बेरीज धरायची ती न्यायालयाचा हुकूम होईल त्या दिवशीची.

"नव्वद चालेल?" बाईंनी विचारलं.

"नव्वद चालेल. एक्क्याण्णव नाही."

बाई तेव्हा अडतीस, चष्मेवाले सेहेचाळीस. घरी आल्यावर बाईंनी पर्सही खाली ठेवली नाही. स्वयंपाकघरात शिकवणीच्या मुलींसाठी एक लहान फळा टांगलेला होता, त्यावर त्यांनी लिहिलं: चौऱ्याऐंशी अधिक दोन गुणिले वर्षं, लहान किंवा बरोबर नव्वद. चौऱ्याऐंशी पलीकडे नेले, सहा उरले, दोनाने भागलं, तीन. दोन हा काही ऋण नव्हे, चिन्ह तसंच राहिलं. मग संख्यारेषा काढली आणि तीनवर खडू फिरवून फिरवून गुबगुबीत ठिपका केला.

"यातला दोन कुठून आला?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"दर वर्षी तुमचं एक वाढतं, माझं एक वाढतं."

"म्हणजे सगळं जग वर्षाला एका वर्षाने म्हातारं होतं, आणि आपण दोनाने?"

"दोघं मिळून."

"हे बरं आहे. एकटा असतो तर टिकलो असतो," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि त्यात माझाच वाटा मोठा."

"वाटा सारखाच आहे. तुम्ही सुरुवात पुढून केलीत एवढंच," बाई म्हणाल्या आणि भात लावायला वळल्या. फळ्याचा तो कोपरा पुन्हा कोणी पुसला नाही. शिकवणीच्या मुली आल्या की त्या कोपऱ्याच्या बाजूला गणितं करत.

रांग लांब होती. पहिलं वर्ष बाईंनी फोन उशाशी ठेवून काढलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी मॅडमना दर महिन्याला फोन करायचं सोडलं, कारण मॅडम आवाज ऐकूनच "अजून नाही हो बाई" म्हणत. तिसरं वर्ष सरलं, एक्केचाळीस आणि एकोणपन्नास, बेरीज बरोबर नव्वद. पूर्ण वर्षंच धरायची असल्याने चष्मेवाल्यांची पन्नाशी भरेपर्यंत नव्वदचे नव्वदच राहणार होते. काही महिने हातात होते. एरवी जिभेला हाड नसलेला तो माणूस त्या दिवसांत दुकानात एकटा बसला की घड्याळाकडे पाठ करून बसायचा.

आणि एके दिवशी मधल्या सुट्टीत फोन आला. मुलगी होती, साडेतीन वर्षांची. डोळे तिरळे, नंबर मोठा. मॅडम शिंकल्या आणि चाचरत म्हणाल्या, "दोन जोडप्यांनी डोळ्यांमुळे नाही म्हटलंय, तेव्हा तुम्ही विचार करून सांगा."

बाईंनी घरी येऊन सांगितलं तेव्हा चष्मेवाले हसायलाच लागले. "डोळ्यांमुळे? अहो बाई, आपल्या घरात यायला यापेक्षा चांगलं कारण कोणाकडे असणार?" हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि बाहीनेच पुसला. गिऱ्हाइकाने तसं केलं असतं तर त्यांनी त्याला चार शब्द सुनावले असते.

पोर अगदी पिटुकली होती. म्हणून तिचं नाव पिटुकलीच पडलं. पहिल्या भेटीत ती बाईंच्या पदराला नाक लावून उभी राहिली, कारण तिला एवढ्या जवळूनच दिसायचं. चष्मेवाल्यांनी चित्रांचा तक्ता धरून तिचे डोळे तपासले, डॉक्टरांनी लिहून दिलेला नंबर पुन्हा पुन्हा पडताळला, आणि दुसऱ्या भेटीला लाल फ्रेमचा चष्मा करून आणला. काड्या कानाला टोचू नयेत म्हणून त्यांची टोकं स्वतः कानशीने घासली होती. डबीवर दुकानाचं नाव आणि पत्ता. चष्मा लावल्यावर तिने आधी खिडकी बघितली, मग स्वतःचे बूट बघितले, मग बाईंकडे बराच वेळ बघितलं.

"तुला इथे ठिपका आहे," ती म्हणाली आणि बाईंच्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं. बाईंनी ते बोट तसंच हनुवटीवर धरून ठेवलं.

भेटी वाढल्या. संस्थेच्या अंगणात फरसबंदी होती. बाई म्हणजे बाईच, खडू पर्समध्ये कायम. त्यांनी सहा फरशांवर आकडे लिहिले, शून्यापासून पाचापर्यंत. पुढे भिंत होती. पिटुकलीने शून्यावर उभं राहायचं, "शून्य" म्हणायचं, आणि मग एकेक उडी. पाचावर बाई उभ्या. पाच म्हणायचं, हात पसरायचे, की बाईंनी उचलून घ्यायचं. दुसरी मुलं एकपासून मोजत. पिटुकलीने एकदा त्यांना थांबवून सांगितलं, "आधी शून्य असतो. तिथे उभं राहायचं असतं." चष्मेवाले बाकावर बसून बघत आणि म्हणत, "एक बाई घरात पुरेशी होती."

कागदपत्रं पूर्ण झाली. मॅडमनी न्यायालयाच्या दोन तारखा पुढे केल्या. एक लगेचची, शाळेच्या परीक्षा चालू असतानाची. दुसरी तीन आठवड्यांनंतरची, शाळेला सुट्टी लागायच्या दिवसाची. चष्मेवाल्यांची पन्नाशी त्यानंतर दोन दिवसांनी भरत होती.

"आधीची घे," चष्मेवाले रस्त्यातच म्हणाले. थट्टेचा सूर गेला की ते बाईंना अगंतुगं करत.

"परीक्षेत मला रजा मिळणार नाही. पोर घरी आणायची आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीकडे सोडून शाळेत जायचं? तिला वाटेल हिनेही टाकलं. सुट्टीत आली की मी महिनाभर हलणार नाही तिच्याजवळून."

"पण तारीख अगदी कडेची आहे गं."

"कडेची असली तरी आतली आहे. त्या दिवशी बेरीज नव्वद. ठिपका भरीव आहे, अहो. नव्वद म्हणजे नव्वद, त्यात कमी खरं नि जास्त खरं असं काही नसतं."

गणितात बाईंशी वाद घालायचा नाही, हा चष्मेवाल्यांच्या संसाराचा जुना रिवाज होता. बाईंनी दुसरी तारीख घेतली. त्यांचं गणित चुकलं नव्हतंच. फळ्यावर टोकावरच्या बिंदूला वारा लागत नाही, धक्का लागत नाही, कोणी आजारी पडत नाही. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसालाच तिथे असं निवांत उभं राहवेल. दुसरं कोणीही दोन पावलं मागे सरकलं असतं.

त्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात ती दोघं वेळेआधी हजर होती. बाईंच्या पिशवीत लहान मापाचे नवे बूट होते. संस्थेतून मॅडम पिटुकलीला घेऊन आल्या. तिने दोन वेण्या घातल्या होत्या आणि व्हरांड्यातल्या फरशा मोजायला सुरुवातही केली होती. मग आतून कारकून आला. न्यायाधीशसाहेबांच्या आईला पहाटे दवाखान्यात हलवलं होतं, साहेब तिकडेच होते. आजचं सगळं काम पुढच्या आठवड्यात.

"पुढच्या आठवड्यात नाही चालणार," बाई म्हणाल्या. आवाज वर्गातलाच निघाला.

"सगळ्यांचं पुढच्या आठवड्यातच आहे, बाई."

मग धावाधाव झाली. मॅडम दुसऱ्या साहेबांकडे गेल्या, ते म्हणाले हा विषय त्यांच्याकडे नाही. तिसऱ्यांच्या दाराशी दुपार गेली. ते फार भले गृहस्थ निघाले, सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाले की त्यांना अधिकार असता तर त्यांनी उभ्या उभ्या सही केली असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच दारं झाली. रागावायचं तरी कोणावर? साहेबांची आई काही मुद्दाम आजारी पडली नव्हती. कारकून उद्धट नव्हता, मॅडम खोट्या नव्हत्या. एखादा दुष्ट माणूस सापडला असता तर बाईंना आधार तरी वाटला असता.

पन्नाशीच्या दिवशी चष्मेवाल्यांनी दुकान नेहमीसारखं उघडलं. एका जुन्या गिऱ्हाइकाने हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. चष्मेवाले म्हणाले, "आभारी आहे," आणि आत जाऊन पडद्यामागे काच घासायचं यंत्र उगाचच चालू करून बसले.

पुढच्या आठवड्यात बेरीज एक्क्याण्णव होती. संगणकाने ती घेतली नाही. बाईंनी मॅडमसमोर कागद ओढला आणि दोन रेषा काढल्या. "ही आमची पहिली रेषा, इथे संपली. पाच आठवड्यांनी ती चार वर्षांची होते. तिथून शंभरचा नियम लागतो, म्हणजे आम्ही पुन्हा आत. मध्ये एवढीच फट आहे, मॅडम. पाच आठवडे. तेवढे तिला इथेच ठेवा ना. ती कुठे जाते आहे? आम्ही कुठे जातोय?"

मॅडमनी रुमाल डोळ्यांना लावला. सर्दी होती की आणखी काही, ते त्यांनाच ठाऊक. "बाई, मला कळतंय हो. पण पोरीला फटीत ठेवता येत नाही. तुमचं नाव यादीतून गळलं की पुढच्या जोडप्याला आपोआप विचारणा जाते. काल गेली. त्यांनी चष्मा घातलेला फोटो बघितला आणि लगेच हो म्हटलं."

म्हणजे आधीच्या दोन जोडप्यांनी ज्या डोळ्यांमुळे पोर नाकारली, त्या डोळ्यांवर चष्मेवाल्यांचा लाल चष्मा चढला आणि पुढच्यांनी तिला पसंत केलं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे कर्म तरी वाईट कुठे होतं?

घरी दोघंही दोष आपल्याकडे ओढू लागली, हॉटेलात बिल द्यायला माणसं भांडतात तशी. ते म्हणाले, मीच म्हातारा. त्या म्हणाल्या, तारीख मी घेतली. ते म्हणाले, मी हट्ट धरायला हवा होता. त्या म्हणाल्या, मी ऐकलं असतं का? उत्तर दोघांनाही माहीत होतं. बाई उठल्या, ओला फडका घेतला आणि फळ्यावरची रेषा पुसली. इतक्या वर्षांचा खडू तो, ठिपका पूर्ण गेला नाही.

पिटुकलीच्या चौथ्या वाढदिवशी ती दोघं पुन्हा नियमात बसली. वरातीमागून घोडं. तोवर ती दुसऱ्यांच्या घरी राहायला गेली होती. मॅडमनी न विचारता फोन केला. "रुळली आहे. सुरुवातीला विचारायची, ठिपकावाली कुठे आहे म्हणून. आता नाही विचारत. ते बरंच आहे, बाई. आता तुम्ही तिच्यासमोर न गेलेलं बरं. आणि मोठ्या मुलांच्या रांगेत नाव ठेवू ना तुमचं?"

"ठेवा," बाई म्हणाल्या, कारण नाही म्हणायलाही बळ लागतं.

पुढच्या वर्षी नववीला तोच धडा आला. बाईंनी रेषा काढली, टोकाशी आल्या आणि खडू तसाच धरून उभ्या राहिल्या. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, टोक घ्यायचं ना?"

"घ्यायचं," बाई म्हणाल्या आणि ठिपका भरला. "उत्तरात घ्यायचं." मुलींनी तेवढंच वहीत लिहून घेतलं.

त्याच वर्षीची गोष्ट. बाई संध्याकाळच्या दुकानात कोपऱ्यातल्या खुर्चीवर वह्या तपासत बसल्या होत्या. काचेचं दार ढकलून एक तरुण स्त्री आत आली, बोटाला धरलेली मुलगी घेऊन. "काडी तुटली हो. डबीवर तुमचा पत्ता होता, म्हणून शोधत शोधत आले." तिने लाल चष्मा काउंटरवर ठेवला.

चष्मेवाल्यांनी तो उचलला आणि काडीचं घासलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. एवढंच केलं.

मुलगी वाढली होती. वेण्या जाऊन केस कापलेले होते. डोळे बारीक करून ती दुकानभर बघत होती, आणि बाईंकडेही तिने तसंच बघितलं, जसं खुर्चीकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. "चष्म्याशिवाय हिला हाताच्या अंतरापलीकडे सगळं धूसर," तिची आई म्हणाली. "घरी चांगली बोलते, इथे बुजली आहे." बाई मांडीवरच्या वहीतली एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. बोलल्या असत्या तर आवाज ओळखला असता. चष्मेवाले तिच्या लेखी बाकावरचे कोणी एक; उचलून घ्यायच्या त्या बाईच.

"हा तुम्हीच केलेला ना?" त्या आईने विचारलं.

"संस्थेतल्या मुलांचे चष्मे आमच्याकडेच होतात," चष्मेवाले हलक्या आवाजात म्हणाले. ते खरंही होतं. तेव्हापासून ते सगळ्यांचेच करत.

नवी काडी बसली, स्क्रू घट्ट झाला. मग ते काचा पुसू लागले. एक काच पुसली, दुसरी पुसली, पुन्हा पहिली पुसली. पुसता पुसता त्यांनी चष्म्यावरून बाईंकडे बघितलं. बाई उठल्या, वह्या छातीशी धरल्या आणि पडदा सारून आत गेल्या. आत यंत्राला टेकून उभ्या राहिल्या.

"आता दिसतंय?" बाहेरून आवाज आला.

"दिसतंय."

डबी टक्कन मिटली. आई चष्म्याची डबी पर्समध्ये टाकत असावी. आणि मग दुकानाच्या काळ्या-पांढऱ्या फरशांवर लहान बुटांचा आवाज. "शून्य," पोर म्हणाली. उडी. "एक." उडी. "दोन."

"झालं सुरू," तिची आई हसत म्हणाली. "कोणी शिकवलंय कोण जाणे, ही शून्यापासूनच मोजते. आणि पाचाला अशी हात पसरून उभी राहते. किती बोलावलं तरी हलत नाही. आम्ही विचारून विचारून थकलो, काय पाहिजे तुला."

"चार," पोर म्हणाली. "पाच."

पडद्याआड बाईंच्या हातातून वह्या सरकल्या. त्यांनी उचलल्या नाहीत. बाहेर पोर उभी असणार, हात पसरून. पडदा दोन पावलांवर होता. बाईंनी यंत्राची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"उचलून घ्या तिला," चष्मेवाल्यांचा आवाज आला. मग ते पुन्हा म्हणाले, "पाचाला उचलून घ्यायचं असतं."

"हो का?" ती आई म्हणाली. कापडाची सळसळ झाली, आणि पोर हसली. अंगणात भिंतीपाशी हसायची, तशीच.